धडपड्या धुंडिराज
(कै. दादासाहेब फाळके यांचे अल्प चरित्र)

गेल्या संक्रांतीला मंडळाचे हळदीकुंकू झाले, तेव्हा गप्पांच्या ओघात एका भगिनीने मनातली चिंता बोलून दाखविली. तिची मुलगी चित्रकला शिकावयास शहरात गेलेली आहे. पहिल्या वर्षी ती कागदावर पेन्सिलीने रेखाटने करी. मग तिने जलरंग घेतले. ते बाजूस ठेवून मातीकाम आरंभिले. पुढे तिला छायाचित्रांचा नाद लागला. आणि दिवाळीच्या सुट्टीत घरी आली ती गेरू व तांदळाचे पीठ कालवून पडवीच्या भिंतीशी बसली. कशातच तिचा पाय ठरत नाही. इकडे भात आणि नाचणी विकून फीचे पैसे पाठवावयाचे आणि तिकडे पोरीने अशी धरसोड करावयाची, तर पुढे तिचे व्हावयाचे कसे? बसलेल्या सगळ्याजणींनी माना डोलावल्या. मीही डोलावली. परंतु घरी परतताना मला एका माणसाची आठवण झाली आणि आपण मान उगाच डोलावली असे वाटले. त्या माणसाची हकीकत वर्धापनदिनाच्या ह्या स्मरणिकेत सांगावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

तो माणूस आपल्या शेजारचाच. जव्हारहून मोखाड्यावरून नाशिकची वाट धरली की घाटमाथ्यावर त्र्यंबकेश्वर लागते. श्रावणी सोमवारी किंवा निवृत्तिनाथांच्या यात्रेला आपल्यापैकी कितीतरी जणी तेथे जाऊन आलेल्या आहेत. ब्रह्मगिरीवरून गोदावरी पूर्वेकडे वाहू लागते आणि त्याच डोंगररांगांतून आपली वैतरणा पश्चिमेकडे उतरते. ह्या त्र्यंबकेश्वरी ३० एप्रिल १८७० रोजी धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म झाला. पुढे दादासाहेब फाळके म्हणून, भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून, सारा देश ज्यांना ओळखू लागला तेच हे. दर्शनाला जाताना आपण कुशावर्तात पाय बुडवितो, ब्रह्मगिरीकडे हात जोडतो. पण ह्या गावच्या त्या मुलाची आठवण फारशी कोणास होत नाही.

धुंडिराजांचे वडील दाजीशास्त्री हे संस्कृतचे व्युत्पन्न पंडित. घरात वेदपठण, पुराणे, पूजाअर्चा. मुलानेही शास्त्री व्हावे हेच ओघाने येणार होते. तथापि मुलाची ओढ निराळी. त्याला चित्रे काढावयाची, नाटके करावयाची, जादूचे खेळ करावयाचे. वडिलांना मुंबईस विल्सन महाविद्यालयात संस्कृत शिकविण्याची जागा मिळाली आणि कुटुंब मुंबईस आले. तेथे १८८५ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, धुंडिराजांनी सर जे. जे. कलाशाळेत चित्रकलेसाठी नाव घातले. शास्त्र्याच्या घरातला मुलगा पोथी सोडून कुंचला हाती घेतो, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

जे. जे. मधील अभ्यास आटोपून ते वडील बंधू शिवरामपंत यांच्याबरोबर बडोद्यास गेले. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने प्राध्यापक गज्जर यांनी तेथे १८९० साली कलाभवन स्थापिले. ही संस्था मोठी विलक्षण होती. तेथे चित्रकला जशी शिकवीत तशीच रंगकाम, विणकाम, यंत्रविद्या व छपाईही शिकवीत. कला आणि कारागिरी ह्यांत भिंत घातलेली नव्हती. अशा ठिकाणी हा विद्यार्थी गेला, आणि मिठाईच्या दुकानात लहान मूल शिरावे तसे त्याचे झाले. तैलरंग शिकला, जलरंग शिकला. मग वास्तुरचना आणि मातीचे नमुने घडविणे. त्याने बनविलेल्या आदर्श नाट्यगृहाच्या प्रतिकृतीला १८९२ साली अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात सुवर्णपदक मिळाले. त्याच सुमारास हाती कॅमेरा आला आणि छायाचित्रणाचे वेड लागले. छायाचित्रणातून तो ठशांच्या छपाईकडे वळला. गज्जरांनी त्याला रतलामला पाठविले. तीन रंगांचे ठसे कसे करावे, अंधाऱ्या खोलीत काच कशी धुवावी, छायाचित्र दगडावर कसे उतरवावे, हे सर्व तो तेथून शिकून आला.

त्याच्या आप्तेष्टांना हे पाहून काय वाटले असेल याची कल्पना आपण सहज करू शकतो. हळदीकुंकवाला त्या भगिनीस जे वाटले तेच. रंग घेतले ते सोडले, माती घेतली ती सोडली, कॅमेरा घेतला आणि आता छपाई!

विद्या पुष्कळ झाल्या, पण संसाराला त्यांचा आधार होईना. १८९५ च्या सुमारास धुंडिराजांनी गोध्र्यास छायाचित्रकाराचा व्यवसाय मांडला. थोडा जम बसतो न बसतो तोच प्लेगची साथ आली आणि तिने त्यांची पत्नी व मूल हिरावून नेले. मोडलेल्या मनाने ते बडोद्यास परतले. तेथे पुन्हा दुकान थाटावे तर लोकांच्या मनात भलतीच भीती: कॅमेरा माणसाचे तेज शोषून घेतो आणि आयुष्य कमी होते! गिऱ्हाईक फिरकेना. मग नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविले. एका जर्मन जादूगाराची गाठ पडली तर त्याच्याकडून हातचलाखी शिकून घेतली आणि फाळके ही अक्षरे उलटसुलट करून प्रोफेसर केळफा ह्या नावाने जादूचे प्रयोग केले. पुढे पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार व नकाशे-आकृत्या काढणारा म्हणून सरकारी नोकरी मिळाली. पगार लागला, घरच्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला असेल. पण तो वंगभंगाचा, स्वदेशीचा काळ. धुंडिराजांनी १९०५–०६ च्या सुमारास सरकारी चाकरीवर पाणी सोडले आणि लोणावळ्यास छपाईचा उद्योग काढला. राजा रविवर्म्याच्या ज्या देवादिकांच्या तसबिरी आपल्या आज्या-पणज्यांच्या देवघरांत होत्या, त्या रविवर्मा छापखान्यासाठी दगडावर चित्रे उतरविण्याचे काम ते करीत. पुढे दादरला भागीदारीत लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स हा छापखाना उभा राहिला. रंगीत छपाईची नवी यंत्रे आणण्यास ते १९०९ साली जर्मनीस जाऊन आले. छापखान्याचे नाव झाले, पैसा दिसू लागला. आणि नेमके त्याच वेळी भागीदारांशी पटेना म्हणून ते तेथूनही बाहेर पडले.

आता वय चाळीस. हाती धंदा नाही. पदरी बायको-मुले. जग ज्याला धरसोड म्हणते तिचा हा कळस झाला.

येथे ह्या चरित्रातल्या दुसऱ्या व्यक्तीची ओळख करून देणे अगत्याचे आहे. कारण तिच्यावाचून पुढची हकीकत घडलीच नसती. १९०२ साली धुंडिराजांचा दुसरा विवाह झाला. वधू करंदीकरांची गिरिजा. सासरी आल्यावर ती सरस्वती झाली. किर्लोस्कर नाटक मंडळीच्या चालकांशी तिचे जवळचे नाते होते, त्यामुळे नाटकवाल्यांचे बिऱ्हाड, त्यांचे चढउतार, त्यांची कर्जे ही तिला अगदीच अपरिचित नसावीत. छापखाना सुटला तेव्हा सरस्वतीबाईंनी कपाळाला हात लावला नाही. पतीच्या हातांत कसब आहे हे त्या जाणून होत्या.

१९१०–११ च्या सुमारास मुंबईत गिरगावातल्या एका तंबूत धुंडिराजांनी हलती चित्रे पाहिली. तो येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट होता. सभोवतालचे लोक पडद्यावर येशूला पाहत होते. ह्या गृहस्थाच्या मनश्चक्षूंपुढे मात्र राम आणि कृष्ण, गोकुळ आणि अयोध्या सरकू लागली. परक्यांचे देव पडद्यावर चालतात-बोलतात, मग आपले का नाहीत? घरी येऊन त्यांनी पत्नीस सांगितले आणि दुसऱ्या खेळाला तिलाही बरोबर नेले. खेळ संपल्यावर यंत्राच्या खोलीत नेऊन चित्र पडद्यावर कसे उमटते तेही तिला दाखविले. ही बारीकशी गोष्ट माझ्या मनात घर करून राहिली आहे. त्या काळी नवरा-बायकोने उघडपणे तमाशा पाहावयास जाणे हेच नवलाचे. आणि येथे तर नवरा बायकोला यंत्राची उकल करून सांगत होता.

पुढचे काही महिने त्यांना दुसरे काही सुचले नाही. सापडेल ते पुस्तक वाचावे, लहानसा कॅमेरा व फितीची रिळे घेऊन रात्री प्रयोग करावे, दिवसा तंबूतून चित्रे पाहावी. झोप जेमतेम तीन तास. ह्या अतिश्रमाने डोळे सुजले आणि दृष्टी जवळजवळ गेलीच. चित्रकाराचे डोळे जाणे म्हणजे काय हे सांगावयास नको. डॉक्टरांच्या उपचारांनी आणि निरनिराळ्या चष्म्यांच्या साहाय्याने दृष्टी परत आली. आली तशी ती पुन्हा त्याच कामाला जुंपली गेली.

विलायतेस जाऊन यंत्रे आणावी तर पैसा हवा. विम्याचे कागद गहाण पडले, घरातील सामानसुमान गेले. १ फेब्रुवारी १९१२ रोजी ते लंडनला जावयास निघाले. तेथे चित्रपटविषयक साप्ताहिकाचे संपादक कॅबर्न भेटले. ह्या धंद्यात भले भले बुडाले, तुम्ही पडू नका असाच त्यांचा सल्ला पडला. परंतु ह्या हिंदी माणसाची तळमळ पाहून त्यांनीच हेपवर्थ यांच्या चित्रनिर्मितीगृहाची वाट दाखविली. फाळके तेथे आठवडा-दोन आठवडे राहून सारी प्रक्रिया पाहून आले. येताना विल्यमसन कॅमेरा, कोरी फीत, फितीला भोके पाडण्याचे यंत्र आणि छापण्याचे यंत्र अशी सामग्री त्यांनी आणली.

आता कसोटी होती ती सावकाराला पटविण्याची. त्यासाठी त्यांनी कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला. कुंडी व कॅमेरा दोन्ही जागचे हलू द्यावयाचे नाहीत आणि रोज नेमाने थोडे थोडे चित्र घ्यावयाचे, असे दिवसचे दिवस चालले. ती फीत पडद्यावर धरली तेव्हा दाण्याला मोड फुटला, कोंब वर आला, पाने उलगडली, वेल चढली; आणि हे सारे मिनिटाभरात. आपण शेतात आवण्यावर रोप उगवताना दरवर्षी पाहतो, पण ते वाढताना कधी दिसत नाही. ह्या माणसाने ते दाखविले. पाहणारे थक्क झाले आणि कर्ज मिळाले. ते मिळताना सरस्वतीबाईंचे दागिने मात्र अंगावरून उतरले.

कोऱ्या फितीच्या कडांना त्या काळी भोके पाडलेली नसत. यंत्राचे दाते त्या भोकांत अडकूनच फीत पुढे सरकते. एका चित्रामागे दोन्ही कडांना मिळून आठ भोके. एका फूट फितीत सोळा चित्रे. राजा हरिश्चंद्राची लांबी सुमारे ३७०० फूट भरली. ज्या भगिनींना हिशेबाची आवड आहे त्यांनी गुणाकार करून पाहावा: जवळजवळ एकोणसाठ हजार चित्रे आणि पावणेपाच लाखांच्या घरात भोके! आणि हे काम उजेडात करता येत नाही. प्रकाशाचा किरण पडला तर फीत वाया जाते. रात्री मुले निजल्यावर, अंधाऱ्या खोलीत सरस्वतीबाई ही भोके पाडीत बसत. फीत धुण्याची रसायने कालविणे, फीत धुणे हेही त्या शिकल्या. दिवसा चित्रीकरणाच्या वेळी पांढरी चादर धरून उन्हाचा कवडसा पात्रांच्या तोंडावर पाडण्यासाठी त्या तासन्‌तास उभ्या राहत. ह्याशिवाय साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक, कपडे धुणे, आणि स्वतःची लहान मुले.

दादरच्या राहत्या बंगल्याच्या आवारातच हा सारा कारखाना होता. कारखाना हाच शब्द वापरावा, असे फाळक्यांनी नटांना बजावून ठेवले होते. कारण सिनेमात काम करतो म्हटले तर लोक दारात उभे करीत नसत. तारामतीच्या कामासाठी स्त्री मिळेना. वर्तमानपत्रांत जाहिराती देऊन झाल्या, नाना ठिकाणी विचारून झाले. अखेर ग्रँट रोडवरच्या एका उपाहारगृहात काम करणारा अण्णा साळुंके नावाचा सडपातळ बांध्याचा तरुण दृष्टीस पडला आणि तो तारामती झाला. आपल्याकडच्या लोकांना ह्याचे नवल वाटावयाचे नाही. बोहाड्यात मशालींच्या उजेडात मुखवटे चढवून देवदेवता नाचतात, त्यांत लुगडे नेसून देवीचे सोंग घेणारा बाप्याच असतो आणि आपण त्याला हात जोडतो. हरिश्चंद्राचे काम दत्तात्रय दामोदर दबके यांनी केले आणि रोहिदास झाला तो फाळक्यांचाच मुलगा भालचंद्र.

रानातली दृश्ये घेण्यास मंडळी वांगणीकडे गेली होती. ढाली-तलवारी घेतलेले हे दाढी-मिशीवाले लोक गावात शिरले तेव्हा गावकऱ्यांना वाटले दरोडेखोर आले! फौजदारापर्यंत वर्दी गेली आणि नट अडकले. मागून आलेल्या फाळक्यांनी कॅमेरा उघडून दाखविला, सिनेमा म्हणजे काय ते समजावून सांगितले, तेव्हा कोठे त्यांची सुटका झाली.

सहा महिने आणि सत्तावीस दिवसांनी चित्रपट पुरा झाला. २१ एप्रिल १९१३ रोजी ऑलिंपिया नाट्यगृहात तो निमंत्रितांस दाखविण्यात आला आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये सर्वांसाठी खुला झाला. हिंदुस्थानात हिंदी माणसांनी बनविलेला हा पहिला पूर्ण लांबीचा कथाचित्रपट.

आता, भगिनींनो, मागे वळून पाहू. पडदे व देखावे कोणी रंगविले? जे. जे. त आणि कलाभवनात रंग शिकलेल्या हाताने. राजवाडे कोणी उभारले? नाट्यगृहाची प्रतिकृती करणाऱ्या हाताने. कॅमेऱ्याची जाण कोणास होती? गोध्र्यात गिऱ्हाइकाची वाट पाहत बसलेल्या छायाचित्रकाराला. फीत धुण्या-छापण्याची रसायने कोणास अवगत होती? रतलामला अंधाऱ्या खोलीत शिकलेल्याला. देवांची रूपे व दागिने कोठून आले? रविवर्म्याच्या चित्रांवर वर्षानुवर्षे झुकलेल्या डोळ्यांतून. आणि देव एकाएकी प्रकट होतो, अदृश्य होतो, हे कोणास सुचले? प्रोफेसर केळफाला. संस्कृत पंडिताच्या घरात ऐकलेल्या पुराणकथाही तेथेच कामी आल्या. पंचवीस वर्षे लोकांनी ज्यांना अर्ध्यावर सोडलेल्या विद्या म्हटले, त्यांतली एकही वाया गेली नव्हती. त्या सगळ्यांना एकत्र नांदवील अशी कला जगात नुकती कोठे जन्मत होती, एवढेच.

राजा हरिश्चंद्रानंतर फाळक्यांनी बिऱ्हाड व कारखाना नाशिकला हलविला. पुन्हा आपल्या डोंगरांच्या जवळ. तेथील पहिल्याच मोहिनी भस्मासुर ह्या चित्रपटात दुर्गाबाई कामत व त्यांची मुलगी कमलाबाई ह्या मायलेकींनी कामे केली आणि पडद्यावरची स्त्री प्रथमच खरी स्त्री झाली. १९१७ च्या लंकादहनात अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता अशी दोन्ही सोंगे वठविली. त्या चित्रपटाला लोटलेल्या गर्दीच्या कथा पुढे कितीतरी वर्षे सांगितल्या जात. १९१९ च्या कालिया मर्दनात बाळकृष्ण झाली ती त्यांची चिमुरडी कन्या मंदाकिनी. मोठे चित्रपट चालू असतानाही प्रयोगाची खोड सुटली नव्हती. आगकाड्या एकेक तसूभर सरकवीत, दर वेळी एकेक चित्र घेऊन त्यांनी आगकाड्यांनाच नाचावयास लाविले. लक्ष्मीचा गालिचा म्हणून नाण्यांची नक्षी त्याच रीतीने हलती केली. चित्रपट कसा तयार होतो ह्यावरही चित्रपट काढला. चाळिशी उलटलेला हा माणूस आतून कलाभवनातला विद्यार्थीच राहिला होता.

तथापि हे चरित्र गोड शेवटाचे नाही आणि ते तसे सांगणे हा खोटेपणा होईल. १९१८ साली भांडवलदारांबरोबर हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली. पैसा आला, त्याबरोबर हिशेब आणि मतभेदही आले. कलावंताला वाटे चित्र उत्तम व्हावे, भागीदारांना वाटे खर्च आटोक्यात राहावा. दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी खरे. फाळके उद्विग्न होऊन काशीस निघून गेले, तेथे रंगभूमी नावाचे नाटक लिहिले. पुन्हा परतले, पुन्हा काम केले. इतक्यात चित्रपटाला वाचा फुटली आणि मूकपटांचे दिवस सरले. नवी रीत, नवी यंत्रे, नवी माणसे. १९३७ साली कोल्हापूर सिनेटोनसाठी त्यांनी गंगावतरण हा बोलपट केला. गोदेच्या उगमाशी जन्मलेल्या ह्या माणसाचा शेवटचा चित्रपट गंगेच्या अवतरणाचा असावा, हा योगायोग म्हणावयाचा. त्यानंतर काम मिळाले नाही. पंचाण्णवच्या आसपास चित्रपट आणि पुष्कळसे लघुपट केलेला हा पुरुष १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला, गरिबीत आणि बहुतेक विस्मृतीतच, निवर्तला. पुढे १९६९ साली त्यांच्या नावे भारत सरकारने चित्रपटक्षेत्रातला सर्वोच्च पुरस्कार सुरू केला आणि पहिला मान देविकाराणी ह्या स्त्रीला मिळाला. त्यांच्या मूकपटांपैकी बहुतेक नष्ट झाले. राजा हरिश्चंद्राचा उपलब्ध असलेला थोडासा भाग आणि कालिया मर्दन पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने जतन केले आहे.

ह्या सर्व हकीकतीत सरस्वतीबाईंचे नाव कोठे लागले? पडद्यावर तर नाहीच. ज्या बाईने लाखो भोके पाडली, फिती धुतल्या, चादरी धरल्या, शंभर पानांच्या पंगती उठविल्या, आणि अंगावरचे सोने उतरवून दिले, तिच्या नावाचा पुरस्कार दिल्लीत दिला जात नाही. परंतु भारतीय चित्रपटाची फीत प्रथम ज्या हातांनी पुढे सरकविली, त्यांत दोन हात बांगड्यांचे होते, हे आपण स्त्रियांनी तरी विसरू नये. म्हणून ह्या स्मरणिकेत त्यांचे नाव मुद्दाम लिहून ठेविते.

आता पुन्हा हळदीकुंकवाच्या त्या भगिनीकडे वळते. तिची मुलगी फाळके होईल असे मी सांगत नाही; शंभरांत एखादाही होत नाही, आणि जो झाला त्याचे हाल आपण पाहिलेच. धरसोड आणि साधना ह्या दोन्ही बाहेरून सारख्याच दिसतात, हे खरे. त्या ओळखावयाची एक साधी खूण मात्र धुंडिराजांच्या चरित्रातून मिळते. त्यांनी एक विद्या सोडून दुसरी घेतली तेव्हा पहिलीचे ज्ञान गाठोड्यात बांधून बरोबर नेले. चित्रकार म्हणून ते छायाचित्राकडे गेले, छायाचित्रकार म्हणून छपाईकडे, आणि सगळे होऊन चित्रपटाकडे. ज्याचे गाठोडे दर मुक्कामाला जड होत जाते तो भटकत नाही, तो प्रवास करतो. ज्याचे गाठोडे दर वेळी रिकामेच राहते त्याला आईने जरूर कान धरून बसवावे.

तेव्हा पुढच्या सुट्टीत मुलगी घरी आली म्हणजे तिच्यापाशी पडवीत बसावे आणि विचारावे, की मातीतून काय शिकलीस जे आता ह्या भिंतीवर उपयोगी पडते? कॅमेऱ्यातून पाहावयास लागल्यापासून आपल्या लग्नचौकातली धवलेरीची रेघ तुला निराळी दिसते काय? तिच्यापाशी उत्तर असेल तर फीचे पैसे वाया चाललेले नाहीत. आणि तिने कॅमेरा उघडून दाखविला तर, संसाराची कामे घटकाभर बाजूस ठेवून, सरस्वतीबाईंसारखे त्यात डोकावून पाहावे.

त्र्यंबकेश्वरास पुन्हा जाणे होईल तेव्हा देवदर्शन झाल्यावर क्षणभर त्या शास्त्र्याच्या मुलाचे स्मरण करावे, आणि त्याच्याबरोबर रात्री अंधाऱ्या खोलीत जागणाऱ्या त्या माउलीचेही. मंडळाच्या सर्व भगिनींना वर्धापनदिनाच्या शुभेच्छा.